चंद्रीची धार आणि माझा बॅसून

कार्यक्रमपत्रिकेत माझ्याबद्दल चार ओळी छापतात. मी कुठं शिकले, कुणाकुणाबरोबर वाजवलं आणि आता कुठं शिकवते, एवढंच त्यात असतं. चंद्रीचं नाव त्यात कधी आलेलं नाही. एकदा मी ते गुरूंच्या यादीत घालायला सांगितलं, तर आयोजकांनी फोन करून अदबीनं विचारलं, की या बाई हयात आहेत का आणि त्यांचं आडनाव काय. चंद्री आमची म्हैस होती, हे सांगायचं माझ्याच जिवावर आलं. मी म्हटलं, राहू द्या. पण आता लिहायला बसलेच आहे, गुडघे धरलेत, बाहेर जायचं कुठं नाही, तर जे झालं ते सांगूनच टाकते.

आष्ट्याच्या अलीकडे रस्त्याला लागून आमचा मळा. घर मळ्यातच, तिन्ही बाजूंना ऊस, चौथ्या बाजूला फाटा. घरात माणसं पुष्कळ, पण हुकूम एकाचा. तो एक म्हणजे माझे वडील, तात्या. आमच्यात धाकट्या भावाच्या बायकोनं थोरल्या दिराशी समोरासमोर बोलायचं नाही अशी रीत होती. त्यामुळं माझी काकी तात्यांना जे सांगायचं ते सोप्यातल्या खांबाला सांगायची. डोक्यावरचा पदर सारखा करून खांबाजवळ उभी राहायची आणि म्हणायची, "पेंड सपली म्हनावं." तात्याही तंबाखू मळत खांबाकडं बघूनच म्हणायचे, "उद्या आनतो म्हनावं." आम्हा पोरांना यात काही गमतीचं वाटत नसे. खांब जितकं दोन्हीकडचं ऐकून घ्यायचा तितकं त्या घरात दुसरं कुणीच ऐकून घेत नव्हतं. काकीला मूलबाळ नव्हतं आणि चंद्री तिच्या माहेराहून आलेली होती, त्यामुळं गोठा तिचा. बाकीचं घर आईचं. पहाटे गोठ्यातून चरवीत पडणाऱ्या धारेचा आवाज यायचा, मग चुलीजवळ आईच्या भाकरी थापायचा, मग तात्यांच्या खोकल्याचा. जेवायला ताकातल्या कण्या आणि ठेचा, आणि गुऱ्हाळ सुरू असेल तेव्हा वाटीभर काकवी. मी पुढं पुष्कळ देशांत पुष्कळ नावांची जेवणं जेवले, पण कण्यांची सर कशाला आली नाही, आणि हे मी मायेपोटी बोलत नाही, तिथली जेवणं खरंच बेचव होती.

तात्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे काकीचे मालक, आमचे नाना. ते पलटणीतून पेन्शनीत आले तेव्हा त्यांच्याबरोबर एक काळी ट्रंक होती आणि एक लांबट पेटी. ट्रंकेतून कँटीनचे साबण निघाले. पेटी मात्र त्यांनी कॉटखाली सारली आणि कुणी हात लावायचा नाही म्हणून बजावलं. झालं, गावात बोलबाला. कुणी म्हणे बंदूक आहे, कुणी म्हणे तोफेचा सुटा भाग आहे. नाना हो म्हणत नसत आणि नाही पण म्हणत नसत, नुसत्या मिशीवरून हात फिरवत. मग एका दिवाळीला आम्ही पोरांनी ती उघडली आणि आत लाल मखमलीत लाकडाचे चार तुकडे आणि एक वाकडी पितळी नळी सापडली. नाना उभ्या नोकरीत पलटणीच्या बँडमध्ये बॅसून वाजवत होते. त्यांचं वाद्य कंडम ठरलं तेव्हा साहेबानं ते त्यांनाच देऊन टाकलं होतं. बातमी फुटल्यावर पारावरच्या लोकांनी त्यांना घेरलं आणि विचारलं, की नाना, मग दुश्मन किती मारले? नानांनी शांतपणे सांगितलं, "येक बी न्हाई. पर सायेब लोक मेसात जेवताना कुनाला कवा ठसका लागू दिला न्हाई."

बॅसून म्हणजे काय हे मला आयुष्यभर सांगत फिरावं लागलं आहे, तेव्हा इथंही सांगते. तुकडे जोडले की छातीपर्यंत येणारा लाकडी नळा होतो, आतून मधेच दुमडलेला. वाकड्या पितळी नळीच्या टोकाला रीड असते, म्हणजे बोरूच्या जातीच्या काडीची दोन पातळ पाती एकमेकांना बांधलेली. सनईला असते तशीच, पण मोठी. ती भिजवून ओठांत धरायची आणि फुंकायचं. आवाज सनईच्या खूप खाली, खर्जातला. नानांना आता तो काढता येत नव्हता, कारण पुढचे दात गेले होते. दात नसले की ओठांना आधार राहत नाही. त्यांनी घरातल्या सगळ्या पोरांना ओळीत उभं केलं आणि माझी निवड केली. भाऊ ऊस कोयत्यानं सोलून खायचे, मी दातानं सोलायची. माझा जबडा पलटणीत भरती करण्यासारखा आहे, असं नाना म्हणाले, आणि पोरीच्या जातीला फुंकाफुंकी शोभत नाही या आईच्या म्हणण्यावर त्यांनी पलटणीत बहिरेपणा येतो असं उत्तर दिलं. जागा मिळाली गोठ्यात, कारण घरात कुणी उभं करेना. मी सरकीच्या पोत्यावर बसायची, नाना समोर उलट्या घमेल्यावर, हातात काठी. ताल चुकला की काठी घमेल्यावर वाजायची. पहिला सूर निघाला तेव्हा कोंबड्या परसाबाहेर गेल्या आणि आई पीठभरल्या हातानं, कोण पडलं, म्हणत धावत आली.

असं वर्षभर चाललं. मग थोरल्या दादाचं लग्न ठरायला आलं आणि मुलीकडची माणसं घर बघायला आली. मला ताकीद होती, की आज नळकांडं बाहेर काढायचं नाही. घरात त्याला नळकांडंच म्हणत. पण सोप्यात चहा होईपर्यंत गोठ्यात मला करमेना, आणि मला वाटलं, हळू वाजवावं. बॅसून हळू वाजवणं ही फार पुढची विद्या आहे, माझ्या काही विद्यार्थ्यांना ती पदवी घेतल्यावरही आलेली नाही. तो लांबलचक सूर घरभर पसरला. मुलीच्या आजोबांनी कपबशी खाली ठेवली आणि घरात कोण आजारी आहे का, असं काळजीनं विचारलं. तेवढ्यात आई आतून म्हणाली, "म्हस हाय ती. रेडकू गेलं तिचं, तवापासनं वरडती बघा." रेडकू गेलं होतं हे खरंच होतं. चंद्री त्या आठवड्यात धार देत नव्हती, पान्हा वर चढवून धरायची, आणि काकी रडकुंडीला आली होती. पाहुणे हळहळले, आजोबांनी म्हशीच्या पुढ्यात काय ठेवावं यावर चार गोष्टी सांगितल्या, आणि लग्न ठरलं. पाहुणे फाट्याला पोचायच्या आत तात्यांनी हुकूम काढला, की बाजाराच्या दिवशी भंगारवाला येईल त्याला ती पेटी द्यायची.

वरच्याचा हुकूम तो हुकूम, हे नानांच्या हाडीमाशी भिनलेलं. बाहेर बसून ते बॅसूनवरचं पितळ पुसत राहिले, भंगारात जाणारी वस्तूसुद्धा चकचकीत गेली पाहिजे म्हणून. मी जेवायचं टाकलं. वडिलांशी भांडायची आमच्याकडं पद्धत नव्हती, उपाशी राहायची होती. संध्याकाळी गोठ्यात जाऊन मी शेवटचं म्हणून वाजवलं आणि वाजवता वाजवता रडले. रडताना फुंकता येत नाही, तरी फुंकत होते.

दुसऱ्या दिवशी, बाजाराच्याच दिवशी, काकी पहाटे गोठ्यातून काठोकाठ भरलेली चरवी घेऊन आली आणि खांबापाशी उभी राहिली. चंद्री पान्हवली होती. काल सांजेला पोरीनं नळकांडं वाजवलं तेव्हा कान टवकारून उभी राहिली, आवाज रेडकासारखा आहे, त्यानंच तिनं पान्हा सोडला, असं काकीनं खांबाला नीट समजावून सांगितलं. तात्या चरवीकडं बघत राहिले. सांजेला पुन्हा वाजवून दाव म्हणावं, असं ते म्हणाले. सांजेला सगळं घर गोठ्यात जमलं. मी वाजवलं, काकी धारेला बसली, आणि चंद्रीनं खरोखर चरवी भरली. भंगारवाला आला आणि एक फुटकी बादली घेऊन गेला.

त्या दिवसापासून मला घरात पद मिळालं. रोज पहाटे आणि सांजेला धारेच्या वेळी गोठ्यात हजर राहायचं आणि धार संपेपर्यंत वाजवायचं. परीक्षा असो, ताप असो, पाहुणे असोत, सुटी नाही, चंद्री पुन्हा व्यायच्या आधी आटायची तेवढीच काय ती उसंत. मला उशीर झाला तर तात्या स्वतः हाक मारायचे, आणि ज्या तात्यांनी नळकांडं भंगारात काढलं होतं ते आता रीड भिजवायला पाण्याची वाटी भरून ठेवायचे. आज माझे विद्यार्थी कुरकुरतात, की मॅडम, रोज लांब सूर किती वेळ धरायचे? मी त्यांना सांगते, म्हैस पाय झाडेपर्यंत. त्यांना वाटतं मी विनोद करते आहे. मधेच माझा श्वास तुटला तर चंद्री पाय झाडायची, आणि काकीच्या मांडीवर चरवी सांडायची, आणि मग काकी मला जे बोलायची ते मी इथं लिहू शकत नाही. चेंबर म्युझिक म्हणजे मोजक्या वादकांनी, समोर हात हलवणारा कुणी नसताना, एकमेकांचं ऐकत वाजवायचं. ते मी तिथं शिकले. काकीच्या दोन्ही हातांची एक लय असायची, चंद्रीच्या रवंथाची दुसरी, आणि मला दोन्ही सांभाळून चालावं लागायचं. पुढं मी ज्यांच्याबरोबर वाजवलं त्यांतले काही जण चंद्रीपेक्षा मोठे वादक होते, पण ऐकण्याच्या बाबतीत तिच्या जवळपास फिरकतील असे दोघंतिघंच.

मॅट्रिकची परीक्षा झाली त्या उन्हाळ्यात नानांचे जुने बँडमास्तर आमच्याकडं आले. डिकॉस्टा साहेब. ते रिटायर होऊन पाचगणीच्या एका बोर्डिंगच्या शाळेत संगीत शिकवत होते, आणि नानांनी त्यांना मला ऐकायला म्हणून बोलावलं होतं. त्यांनी टोपलीभर स्ट्रॉबेरी आणली होती. आमच्याकडं ते फळ कुणी पाहिलेलं नव्हतं. आईनं ती चिरून मीठ-तिखट लावून ताटात वाढली. साहेबांचा चेहरा पडला, पण नानांनी डोळ्यांनी खूण केली तसे ते मुकाट्यानं खायला लागले, आणि शेवटी त्यांनी ताट पुसून घेतलं. सांजेला ते गोठ्यात नानांच्या घमेल्यावर बसले. मी नेहमीसारखी धारेला वाजवायला लागले. साहेबांनी डोळे मिटले. धार संपल्यावर त्यांनी विचारलं, "सूर अभी कच्चा है. लेकिन ये साँस... ये साँस किसने सिखायी?" नानांनी चंद्रीकडं बोट दाखवलं.

साहेबांचं म्हणणं असं होतं, की मला पाचगणीला त्यांच्या घरी पाठवावं. त्यांच्या पत्नी माझी लेकीसारखी काळजी घेतील. शाळेच्या कपाटात एक चांगला बॅसून, वाजवणारा कुणी नाही म्हणून, पडून आहे, तो मला मिळेल. दोन वर्षं त्यांच्या हाताखाली काढली तर पुढं मोठ्या ठिकाणी शिकायला जायची वाट उघडेल. शाळा उघडायच्या आत मात्र यायला हवं, नंतर नाही, कारण मग ते वर्ष बुडालं असतं, आणि साहेबांचं वय काही थांबणार नव्हतं. मी दाराआड उभी राहून हे ऐकत होते. मला जायचं होतं. आयुष्यात इतकी कुठलीच गोष्ट मला हवी झाली नव्हती. आईनं लग्नाचा विषय काढला, तो तात्यांनी हातानंच बाजूला केला. मला वाटलं, आता जमलं. तात्यांनी तंबाखूची चिमूट दाढेत सारली, जरा वेळ अंगणाकडं बघितलं आणि म्हणाले, "पोरगी जाईल वो. पन म्हशीचं काय?"

कुणी हसलं नाही. हसण्यासारखं नव्हतंच. म्हैस पान्हवली नाही तर आटणार, आटलेली म्हैस दावणीला पोसणार किती दिवस, आणि ती काकीच्या माहेरची, विकायचा विषयसुद्धा काढायचा नाही. साहेबांना काय चाललंय ते कळेना. नाना त्यांना हिंदीत समजावू लागले, पण पान्हा हा शब्द पलटणीच्या हिंदीत नव्हता. आणि मग काकी उंबऱ्याबाहेर आली. पदर डोक्यावर होता, पण ती खांबापाशी थांबली नाही. खांब ओलांडून तात्यांच्या समोर जाऊन उभी राहिली.

"तात्या, मी खोटं बोलली हुती," ती म्हणाली.

घरात आल्यापासून तिनं त्यांना पहिल्यांदा हाक मारली होती. तात्यांनी सवयीनं खांबाकडं बघितलं, मग तिच्याकडं. काकी एका दमात सगळं बोलून गेली. चंद्रीला ती चोरून गूळ घालून गरम माडगं, म्हणजे हुलग्याच्या पिठाची पेज, पाजत होती, त्यानं म्हैस बाजाराच्या आदल्या दिवशीच पान्हवली होती. ते दूध तिनं लपवलं आणि पोरांना खीर करून घातली. नळकांडं भंगारात जाऊ नये म्हणून तिनं ही गोष्ट रचली. "म्हशीला वाजवायचं काय बी नगं. कवाच नगं हुतं. पोरीला जाऊ द्या." मला ती खीर आठवली. जेवण टाकलेलं असूनही तेवढी मी खाल्ली होती, आणि कशाच्या दुधाची म्हणून आम्ही विचारलंसुद्धा नव्हतं. नानांना यातलं काही ठाऊक नव्हतं. ते आपल्या बायकोकडं असे बघत होते, जणू परेडला उभे असावेत. तात्या म्हणाले, "मग दाव."

सांज झालेलीच होती. सगळे पुन्हा गोठ्यात. मला साहेबांजवळ नुसतं उभं केलं, हात रिकामे. काकीनं कास धुतली, पुढ्यात पेंड ठेवली, आणि धारेला बसली. थेंब नाही. काकीनं पाठीवरून हात फिरवला, नावानं हाक मारली, कास परत धुतली. चंद्रीनं मान वळवून माझ्याकडं बघितलं, आणि मी पोत्यावर बसत नाही असं दिसताच असा पाय झाडला की चरवी गव्हाणीखाली गेली. एवढ्या वर्षांत काकीची थाप म्हशीनं खरी करून टाकली होती. तात्यांना आधी खोकला आला, मग कळलं की तो खोकला नव्हता. ते दावणीचा खुंटा धरून हसत होते, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. पोरीला पाठवायचं म्हणून काकी आता म्हशीवर आळ घेते आहे, असं ते नानांना सांगत होते. खरं बोलली तेव्हा बिचारीवर कुणी विश्वास ठेवला नाही. काकी रागानं रडायला लागली. माझी म्हस, माझ्या म्हायेरची, आनि माझ्यावरच उलटली, असं म्हणत तिनं चंद्रीच्या पाठीवर एक चापट मारली. चापट काकीलाच लागली. शेवटी मला वाजवावंच लागलं. मी मुद्दाम वाईट वाजवलं, जमेल तितकं वाईट. चंद्रीला काही फरक पडला नाही, तिनं चरवी भरून दिली. साहेब दुसऱ्या दिवशी सकाळी परत गेले. शाळा उघडेपर्यंत वाट बघतो, असं त्यांनी नानांना सांगितलं आणि जाताना चंद्रीला सलाम ठोकला. तो चेष्टेचा होता की नाही, मला अजून समजलेलं नाही.

मग नानांनी मोहीम काढली. म्हशीला दुसऱ्या कशाची तरी सवय लावायची. पहिल्यांदा रेडिओ आणला. चंद्रीनं तो ऐकला नाही, त्याचं चामडी कव्हर खाल्लं. दादानं सायकलचा भोंगा वाजवून बघितला. गावातल्या बँडवाल्यांपैकी एकाला ट्रंपेट घेऊन बोलावलं, त्याला तिनं गोठ्याबाहेर घालवलं. वहिनीला चंद्रीच्या कानाशी तोंड नेऊन गुणगुणायला लावलं. ती बिचारी पदर तोंडात धरून हसायलाच लागली. काकीनं परत माडगं करून बघितलं. चंद्री माडगं प्यायची आणि पुढच्या गोष्टीची वाट बघायची. नानांनी स्वतः दात नसलेल्या तोंडानं बॅसून लावला. नुसती हवा गेली. त्यांनी वाद्य माझ्या हातात परत दिलं आणि उसात जाऊन बसले. रात्री जेवायला आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते आणि उसाची कुसं गेली असं त्यांनी सांगितलं.

शाळा उघडायला थोडे दिवस उरले तशी मी आशा सोडली. कुणावर राग धरावा तेच कळत नव्हतं. तात्या अडवत नव्हते, काकीनं तर माझ्यासाठी खांब ओलांडला होता, आणि म्हशीवर रागावून काय उपयोग. मी रोज धारेला बसत होते, वाजवत होते, आणि मनात चंद्रीला शिव्या देत होते. शिव्या माझ्या सुरात उतरत असल्या पाहिजेत, कारण नाना म्हणाले, आता जरा वाजायला लागलीस.

मग एका पहाटे मी नेहमीच्या वेळेला गोठ्यात गेले तर कंदील आधीच लावलेला. सरकीच्या पोत्यावर तात्या बसले होते. पेटी उघडी होती, तुकडे त्यांनी आपल्या अक्कलहुशारीनं जोडले होते, वरचं तोंड खाली आणि खालचं वर. रीडची वाटी शेजारी भरलेली होती. काकी म्हशीमागं बसून दुसरीकडं बघत होती. मी दारातच थांबले. आमच्या गावात तात्यांसमोर कुणी मोठ्यानं शिंकत नसे, आणि ते त्या नळकांड्याशी झटत होते, धोतराचा सोगा त्याच्या चाव्यांत अडकलेला. माझ्याकडं न बघताच त्यांनी विचारलं, "कुठली भोकं झाकायची गं?"

मी वाद्य सोडून परत नीट जोडलं. सहा बोटं ठेवली की खालचा एक सूर येतो, तो पुरेल, असं सांगितलं. माझी बोटं सुरुवातीला त्या भोकांवर पुरत नव्हती, तात्यांची कोयत्यानं जाड झालेली बोटं एकदम बसली. फुंकणं मात्र जमेना. गाल फुगले, कपाळाची शीर वर आली, आणि नळ्यातून एक फुसका आवाज निघाला. चंद्रीनं कान हलवले. काकी पदरात तोंड लपवून हसत होती, आणि तात्या तिला बोलले नाहीत. मी नाना मला सांगायचे तसं त्यांना सांगितलं, गालानं न्हाई, पोटातनं. माझ्या वडिलांना मी पहिल्यांदा काही शिकवत होते. शिकवण्याची मला पुढं चांगली कीर्ती मिळाली, पण तेवढा आज्ञाधारक विद्यार्थी परत कधी मिळाला नाही. रोज पहाटे आणि सांजेला तात्या गोठ्यात. बातमी पारावर गेली. कुणी विचारलं, की तात्या, म्हातारपणी पलटणीत निघालाय का? तात्यांनी उत्तर दिलं, की व्हय, म्हशीच्या. त्यानंतर कुणी विचारलं नाही. चंद्री आधी नाखूश होती. मग एका सांजेला तात्यांचा सूर जरा लांबला आणि तिनं थोडी धार दिली. नंतर अजून थोडी. काकीनं चरवी उचलून सगळ्यांना दाखवली आणि मग ती हळूच खाली ठेवली, कारण याचा अर्थ मी जाणार असा होता.

पहाटेच्या एसटीनं साताऱ्याला जायचं, तिथून पाचगणीची गाडी. आईनं दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली आणि एवढी सूचना केली, की तिथली ती तांबडी फळं मीठ लावूनच खा. फाट्यावर मला सोडायला नाना आले, डोक्यावर माझी ट्रंक. काकीनं आदल्या सांजेला मला जवळ घेतलं होतं आणि सांगितलं होतं, की सकाळी मला काही येता येणार नाही, धारेची वेळ आहे. तात्यांनी तर काहीच सांगितलं नव्हतं. निघताना मी पाया पडले तेव्हा ते रीड ओठांत भिजवत होते, नुसती मान हलवली. मला वाईट वाटलं. घरातली पहिली पोर शिकायला बाहेर चाललीय आणि बाप फाट्यापर्यंत येत नाही, असं मनात आलंच.

फाट्यावरून गोठा दिसत नव्हता, मधे ऊस. पण आवाज येत होता. पहिला सूर फाटला. दुसरा अर्ध्यात बसला. मग जरा वेळ काहीच नाही, आणि मग एक लांब, जाडाभरडा, किंचित खाली उतरलेला सूर सुरू झाला आणि टिकला. श्वास घेण्यापुरता थांबे आणि पुन्हा सुरू होई. नाना मान तिरकी करून ऐकत होते. पान्हवली, असं ते म्हणाले. एसटीला उशीर झाला होता. उजाडलं, डेअरीचा माणूस कॅन लावून सायकलवरून आमच्या घरचं दूध घेऊन आमच्यासमोरून गेला सुद्धा. नानांनी त्याच्याकडं बघितलं, मग उसाकडं.

"धार तर कवाच झालीया की," ते म्हणाले.

सूर चालूच होता. एसटी आली, नानांनी ट्रंक वर चढवली, माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी खिडकीपाशी बसून काच खाली केली आणि मला रडू कोसळलं. गाडी हलली तरी तात्या वाजवतच होते.